केस कुणावर गेले

“फनी राहिली, की लेक गेली.”

हे बोल राजश्रीच्या कानावर पहिल्यांदा पडले तेव्हा तिच्या तळहातावरची मेंदी अजून ओली वाटावी इतकी ताजी होती. लग्नाचा दुसरा दिवस, उमरग्याकडचं ते सासरचं गाव, आणि ओसरीवर सकाळचं ऊन नुकतं पाय पसरून बसलेलं. सासूनं तिला पुढ्यात घेतलं, अंबाडा सोडला आणि लाकडी फणी अशी काही डोक्यात घातली, की वाटावं उन्हाळ्यात तापलेल्या रानाला नांगर लावला.

“आई, आत्ताच विंचरलेत मी,” नवी सून दबकत म्हणाली.

“तू इचरलंस. म्या कुटं इचरलं?” वेणूबाई म्हणाल्या, आणि मग फणीच्या चालीवर, सुनेला नव्हे, समोरच्या उन्हालाच सांगावं तसं ते वाक्य बोलल्या.

राजश्री महाडकडची. तिच्या माहेरी माशांवर म्हणी होत्या, पावसावर होत्या, नणंदांवर तर पोत्यानं होत्या. केसांवर एकही नव्हती. तिला वाटलं, प्रत्येक सासूचं एक खूळ असतं, हिचं हे. तिचे स्वतःचे केस सरळ, गुळगुळीत, कंगवा घातला की आपसूक खाली घरंगळणारे. मग त्या म्हणीचा त्रास तिला तरी कशाला होणार? ती विसरून गेली.

आणि मग क्रांती झाली.

पोरीचं जावळ गेलं, आणि मागाहून जे उगवलं त्याला केस म्हणावं की काय म्हणावं, हे घरात कुणाला कळेना. बॉलपेन उघडल्यावर टुणकन उडते ना स्प्रिंग, तशा स्प्रिंगांचं रान. एक बट चिमटीत धरून ओढली तर पार कमरेला टेकायची, सोडली की पळत जाऊन कानाशी बसायची. नेरूळची हवा आधीच दमट, खाडीवरून वारा आला की ते रान फुगून दुप्पट व्हायचं. बाळ असताना सगळ्यांनी कौतुक केलं. पोर शाळेत जायला लागली तशी कौतुकाची जागा सल्ल्यांनी घेतली. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी मेथ्या, कुणी तांदळाचं पाणी. वरच्या मजल्यावरच्या नमितानं तर जिन्यात थांबवून सांगितलं, “टक्कल कर गो एकदा, मंग सरल येतान.” राजश्रीनं तेही केलं. सरळ नाही आले. होते त्याहून दाट आले.

“कुणावर गेले गं हिचे?” हा प्रश्न तर घरात पाहुण्यांसाठी पाट मांडावा तसा मांडलेलाच असायचा.

“आमच्याकडे नाहीत बाई असे कुणाचे,” राजश्रीची आई दर उन्हाळ्यात येऊन सांगून जायची.

“माझ्यावर गेलेत म्हणायला माझ्या डोक्यावर काही पाहिजे ना,” तिचा नवरा अभय आपल्या चकचकीत टाळूवरून हात फिरवायचा.

आणि वेणूबाई? त्या भाजी निवडत असल्या तर निवडत राहायच्या. मान वर न करता एवढंच म्हणायच्या, “आमच्यात कुनाचे असे न्हाईत.” विषय मिटवायचा तर दाराची कडी लावावी तसं.

सासरे पोपटराव गेल्यापासून वेणूबाई नेरूळलाच असायच्या. त्या आल्या, आणि क्रांतीच्या डोक्याचा ताबा त्यांच्याकडे गेला. राजश्रीला तेव्हा बरंच वाटलं होतं. सकाळी तिला सानपाड्याचं ऑफिस, अभयला महापे, डबे, पाणी, आणि त्यात शाळेचा नियम, दोन घट्ट वेण्या, काळ्या रिबिनी. आजी नातीला गॅलरीत बसवायची, तेलाची वाटी शेजारी, आणि फणी चालू व्हायची. वरून खाली. मुळापासून टोकाकडे. गुंता आला की तिथं थांबायचं नाही, मनगटाला झटका देऊन पुढं जायचं. कट्, कट्, कट्. क्रांती दात आवळून बसायची आणि वेणूबाई चालीवर गुणगुणायच्या,

“सोडविते गुंता, मांडीवं तुजी डोई,
एक गाठ सुटंना, तिचं नाव सांगू न्हाई.”

डबा भरता भरता राजश्रीनं ही ओवी इतक्यांदा ऐकली, की कुकरच्या शिट्टीसारखी ती तिला ऐकू येईनाशी झाली. कट् कट् आवाज मात्र ऐकू यायचा. पण ऐकून करणार काय? आठ वाजलेले असायचे.

मधे एकदा तिचाही संयम सुटला होता. मार्केटमधल्या पार्लरवाल्या सोनलनं सांगितलं, “ताई, एकदा स्मूदनिंग करून टाका, सिल्की होतील, टेन्शनच नाही.” केलं. नाकातोंडात जाणारा तो वास, तो धूर, पोरीच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी. काही आठवडे क्रांती कुणा परक्याचे केस उसने घेऊन फिरल्यासारखी दिसली. मग मुळातून तिचे स्वतःचे उगवले, वर स्प्रिंग आणि खाली सुतळी. जिथं दोन्ही भेटायचे तिथून तुटायला लागले. नुसता हात फिरवला तरी हातात यायचे.

त्यानंतर कधीतरी राजश्रीच्या लक्षात आलं, की क्रांतीची कानशिलं मागे सरकायला लागलीत. जिथं केसांची कड होती तिथं नुसतं मऊ, चकचकीत कातडं. बारा वर्षांच्या पोरीला बापाची टाळू.

वाशीच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं, बोटानं हलकंच दाबलं आणि विचारलं, “वेणी कोण घालतं?”

“सासूबाई,” राजश्री म्हणाली, आणि पुढे लगेच, “म्हणजे आम्ही सगळेच.”

“हे ओढून झालंय. मुळं अजून जिवंत आहेत, पण दमलीत. अजून काही महिने असंच ओढलंत तर ती पुन्हा उठायची नाहीत. मग औषध नाही त्याला.” त्या क्रांतीकडे वळल्या. “तुझे केस छान आहेत. फक्त नाजूक आहेत. जिथं जिथं वळण, तिथं तिथं तुटायची जागा. कोरडे विंचरायचे नाहीत. ओढायचे नाहीत. कळलं?”

“मला माहितीये,” क्रांती म्हणाली. “मी केव्हापासून सांगतेय. ह्या घरात माझं कोण ऐकतं?”

राजश्रीला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कुणीतरी कानाखाली लावल्यासारखं झालं. पोर खरंच सांगत होती. व्हिडिओ बघून बघून तिनं सगळं पाठ केलं होतं. राजश्रीनंच म्हटलं होतं, मोबाइल ठेव आणि अभ्यास कर.

शाळेला डॉक्टरांचं सांगून सैल अंबाड्याची परवानगी मिळवली. आणि मग घरात रविवार नावाचं प्रकरण सुरू झालं.

रविवारी सकाळी झाडांना पाणी मारायचा स्प्रे धुऊन घ्यायचा. डोक्याचे चार भाग करून चिमटे लावायचे. एक भाग सोडायचा, भिजवायचा, मूठभर कंडिशनर चोळायचा. मग आधी बोटं. कंगवा नाही, बोटं! टोकाकडून सुरू करायचं आणि इंचाइंचानं मुळाकडे चढायचं. बोटाला गाठ लागली की तिथं थांबायचं, तिला कंडिशनर पाजायचा, ती कुठून सुरू झाली ते शोधायचं, आणि एकेक केस बाजूला काढायचा. मग रुंद दातांचा कंगवा. मग दुसरा भाग. राजश्रीची कंबर जायची, बाथरूमची जाळी तुंबायची, अभय आत डोकावून “आज नूडल्स किती शिजल्या?” विचारायचा आणि दोघींच्या एकदम आलेल्या “पप्पा!” आणि “अहो!”नं बाहेर फेकला जायचा. उशीचे सुती अभ्रे गेले, त्यांच्या जागी राजश्रीनं आपल्या शालूच्या सॅटिनच्या परकराचे अभ्रे शिवले. सुती कापडावर केस घासून तुटतात म्हणे.

“आता पुढच्या रविवारपर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही,” ती पहिल्याच रविवारी म्हणाली. हे बोलणं कुणासाठी आहे हे सगळ्यांना कळत होतं.

वेणूबाईंच्या हातातली लसूण थांबली. “रईवार ते रईवार फनी न्हाई?”

“नाही.”

“आन गुंता?”

“तो रविवारी काढू.”

“रईवारपत्तुर गुंता बसून ऱ्हातोय व्हय तुजी वाट बगत?”

“आई, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डाक्टरचे केस सरळ हुते का वाकडे?” वेणूबाईंनी विचारलं. सरळ होते.

महिना गेला. कानशिलांवर काहीच उगवलं नाही. उलट झाडू मारताना गॅलरीत, कोरफडीच्या कुंडीशी, राजश्रीला तुटके तुकडे सापडायला लागले. मुळासकट गळलेले केस लांब असतात. हे नखाएवढे होते, स्वल्पविरामासारखे. एवढं करून! परकर कापून! तिचा पारा चढला.

“क्रांती, खरं सांग. तू लपून विंचरतेस का? मैत्रिणींसारखे दिसायला?”

“नाही.”

“मग हे काय आहे? उंदरानं कुरतडले?”

क्रांतीनं त्या तुकड्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुस्तकात डोकं घातलं. “मला नाही माहीत.”

“सगळं माहीत असतं तुला, एवढंच नाही का? माझे रविवार जातायत, क्रांती! मला काय हौस आहे?”

राजश्री रात्रभर चरफडत राहिली. तिला पोरीचा राग आला, पोरीच्या केसांचा आला, आणि हे केस ज्या कुण्या पूर्वजाकडून चालत आले त्याचा तर फारच आला. नाव तरी कळू दे मेल्याचं, म्हणजे त्याच्या नावानं बोटं मोडता येतील.

त्या आठवड्यात एका दुपारी ऑफिसची वीज गेली, ती येण्याचं लक्षण दिसेना. साहेबानं सगळ्यांना घरी पिटाळलं. राजश्री चार वाजता दारात आली, किल्ली लावली, आणि दार उघडायच्या आतच तिला ऐकू आलं.

“सोडविते गुंता, मांडीवं तुजी डोई…”

आणि मधूनमधून, कट्.

ती चपलांसकट आत गेली. गॅलरीत वेणूबाई बसल्या होत्या, पुढ्यात क्रांती, शाळेच्या गणवेशातच. अंबाडा सुटलेला. केस कोरडे ठणठणीत. आणि त्यात ती लाकडी फणी, बारीक दातांची, वरून खाली. क्रांतीनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं, बाळंतिणीनं धरावं तसं.

“आई!”

फणी जागीच थांबली. केसांत अडकून, उभी.

“मी… मी महिनाभर… कंबर मोडून…” राजश्रीला वाक्यच सापडेना. “डॉक्टरांनी काय सांगितलं? मुळं मरतील म्हणाल्या! पोरीला टक्कल पडेल! तुम्हाला कळतंय का काही? की मुद्दाम करताय?”

“वरवर फिरवत हुते.”

“वरवर? हे बघा!” तिनं जमिनीवरचे तुकडे चिमटीत उचलून सासूच्या डोळ्यांपुढं धरले. “हे वरवर?”

“तू सांच्याला येतीस, राजश्री. दिसभर म्या बगते. गुंता वाडत जातोय. मागं, मानेपाशी, हात लावून बग.”

“वाढू दे! गुंता झाला तर झाला! आभाळ कोसळतं का?”

वेणूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत भांडण नव्हतं, म्हणून राजश्रीला ती आणखीच असह्य झाली.

“कोसळतं,” वेणूबाई म्हणाल्या.

“मी आता हे केस कापूनच आणते! बॉयकट! म्हणजे सगळ्यांची सुटका!”

“मम्मी, नको!” क्रांती किंचाळली. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. “माझे आहेत ते! तुमचे नाहीत! कुणी ओढतंय, कुणी जाळतंय, कुणी कापतंय, मला कुणी विचारता का?”

“आणि तू गं? महिनाभर गप्प बसलीस? मी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही?”

क्रांतीचा आवाज खाली आला. “आज्जी रडते, मम्मी. विंचरताना. समोर काचेत दिसतं मला. म्हणून नाही सांगितलं.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी राजश्रीनं ह्या वाक्यापाशी थांबून पाहिलं असतं. त्या दिवशी तिच्या डोक्यात इतका धूर होता की ते वाक्य आलं आणि खिडकीतून निघून गेलं. “रडायचं असेल तर फणी खाली ठेवून रडा म्हणावं,” ती म्हणाली, आणि म्हणताच जीभ चावली.

वेणूबाईंनी फणी केसांतून सोडवली. पहिल्यांदाच हळू, एकही केस न तोडता. ती पदराला पुसली आणि सुनेच्या हातात दिली. “घे. ठिव तुज्यापाशी. न्हाई लावनार हात.”

राजश्रीनं ती पर्समध्ये टाकली. पुढचे चार दिवस ती फणी सानपाड्याला जाऊन येत होती.

घरात अबोला. अभय दोघींच्या मधून “आईला विचार भाजी काय करू,” “हिला सांग चहा ठेवलाय,” असे निरोप वाहून वाहून दमला. “मी पोस्टात लागायला हवं होतं,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

रविवार आला. वेणूबाई पांढरी साडी नेसून सकाळीच विहारात वंदनेला गेल्या. क्रांती चिमटे घेऊन आईपुढं बसली.

“मम्मी, आज ट्विस्ट करूया?”

“आता ते काय आणखी?”

“दोन बटा घ्यायच्या, एकमेकींवर पिळायच्या, टोकापर्यंत. दोरीसारख्या. सगळ्या डोक्याला. मग आठवडाभर काही करायचं नाही. गुंता होतच नाही, कारण केस मोकळेच नसतात. म्हणजे आज्जीला पण टेन्शन नाही.”

आज्जीचं टेन्शन! राजश्रीनं नुसता सुस्कारा टाकला आणि कामाला लागली. पण त्या दिवशी तिच्या बोटांना काहीतरी झालं. ओल्या, बुळबुळीत बटा आपोआप एकमेकींकडे वळायला लागल्या. ती पिळत होती असं नव्हतंच. केसांनाच पिळायचं होतं, ती नुसती वाट करून देत होती. इतकी वर्षं आपण ह्यांना सरळ करायला बघत होतो, तिला वाटलं, आणि ह्यांना जायचंय कुठं ते ह्यांनी कधीचं सांगून ठेवलंय. मानेपाशी तिला खरंच एक घट्ट गाठ लागली, वाटाण्याएवढी. म्हातारी खोटं बोलत नव्हती तर. तिनं ती सोडवली. आणि कानशिलापाशी आली तेव्हा तिला दिसलं, अगदी डोळे बारीक केल्यावर दिसेल असं, त्या चकचकीत कातड्यावर काळं, मऊ, उगवतं काहीतरी. तिनं क्रांतीचं बोट धरून तिथं टेकवलं. “हात लावून बघ.” दोघी हसल्या.

दाराची बेल वाजली. अभयनं दार उघडलं. वेणूबाई भाजीची पिशवी घेऊन आत आल्या, आणि क्रांती उड्या मारत समोर गेली. “आज्जी, बघ!”

डोक्याभर दोऱ्या. काळ्या, ओल्या, चकाकणाऱ्या, खांद्यावर लोंबणाऱ्या.

पिशवी पडली. टोमॅटो हॉलभर पळाले.

“कुनी केलं हे?” वेणूबाईंचा आवाज ओळखू येईना. “कवा झालं? कुनी बगितलं का? कुनी हळद लावली का?”

“हळद? आज्जी, हे मम्मीनं…”

पण वेणूबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि कात्री घेऊन आल्या होत्या. दुधाच्या पिशव्या कापायची ती, लाल मुठीची. “बस खाली. बस म्हनते ना! अजून हळद न्हाई लागली, अजून कापता येतंय, हळद लागल्यावर कुनी कापू देत न्हाई, बस लेकरा…”

“मम्मी!”

राजश्रीनं सासूचं मनगट धरलं. झटका देण्यासाठीच धरलं होतं. आता बास, आता ह्या बाईला दोन शब्द सुनवायचेच, असं ठरवून धरलं होतं. पण ते मनगट तिच्या मुठीत असं थरथरत होतं, की तिनं झटका दिला नाही, नुसतं ते धरून ठेवलं. हे खूळ नव्हतं. ही भीती होती, आणि ती जुनी होती.

“आई,” अभय टोमॅटोंच्या मधे उभा राहून सावकाश म्हणाला, “तुला काय वाटलं? जट?”

हा शब्द घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. राजश्रीनं तो ऐकला होता, वाचला होता. पोरीच्या केसांत गुंता बसतो, घट्ट होतो, कुणीतरी म्हणतं देवी आली, हळद-कुंकू भरतात, मग त्या पोरीला संसार नाही, ती देवीची. पण ते लांबचं, जुनं, दुसऱ्या कुणाचं. ह्या घरात तर देव्हारासुद्धा नाही. पोपटरावांनी तरुणपणीच गावातले देवांचे सगळे टाक विहिरीत सोडले होते, आणि ती गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं सांगायचे. सांगताना वेणूबाई नेहमी चहा करायला आत जायच्या, हे राजश्रीला आत्ता आठवलं.

वेणूबाई खाली बसल्या. कात्री मांडीवर. पांढऱ्या साडीवर ती लाल मूठ.

क्रांती त्यांच्यासमोर येऊन बसली. तिनं कपाळावरची एक दोरी पुढं ओढली आणि टोक आजीच्या हातात दिलं.

“आज्जी, हे गुंतलेलं नाहीये. हे दोन पदर आहेत. हा एक, हा एक. धर. आता तू हा उलटा फिरव.”

वेणूबाईंनी हात मागं घेतला. क्रांतीनं तो पुन्हा पुढं आणला. म्हाताऱ्या बोटांनी पदर उलटा फिरवला. एक पीळ सुटला. मग दुसरा. ओढ नाही, झटका नाही, आवाज नाही. दोरी वरपर्यंत आपली आपण उलगडली आणि दोन मऊ, वळणदार बटा वेणूबाईंच्या तळहातात येऊन पडल्या.

“सुटलं,” क्रांती म्हणाली.

“पुन्ना कर.”

क्रांतीनं ती पुन्हा पिळली. वेणूबाईंनी पुन्हा सोडवली.

“सुटतंय की,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या बटांवरून अंगठा फिरवत राहिल्या. “तिचं सुटत नव्हतं.”

“कुणाचं?” राजश्री त्यांच्याशेजारी खाली बसली.

“आय सुगीला गेलती. जवारीच्या काडनीला, परमुलखात. पोरगी तापानं पडलेली, म्या तरी केवडी, मला काय इचरता येतंय? माज्याच्यानं फनी आत जाईना. दोन आटवडं ऱ्हायलं तसंच. आय आली तवा मागं ही अशी गड्डी बसलेली. आय सोडवाया बसली बी. तेवड्यात जोगतीन आली दारात. बगितलं, आन म्हनली, आई आलीया तुज्या घरी. हळद भरली. झालं.” वेणूबाईंनी कात्री हातात घेऊन पाहिली. “तेल लावून बसली असती आय चार दिस, हे आत्ता तू बसतीस तशी, तर सुटलं असतं. येवडंच हुतं. हात लावायला समदी भ्याली. मंग एक दिशी देवीच्या डोंगराला घेऊन गेले. परत न्हाई आली.”

फणी राहिली, की लेक गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ओसरीवर राजश्रीला जी ऐकू आली होती ती म्हण नव्हतीच.

“आई,” अभय म्हणाला, “तू कधी बोलली नाहीस. बाबांना तरी?”

“तुज्या बापानं देव विहिरीत टाकले. त्या मानसाला काय सांगू, माजी सख्खी त्याच देवाच्या दारात परडी घेऊन बसती म्हनून? लाज वाटली. मंग तो गेला. मंग ही पोरगी झाली, आन हिच्या डोस्क्यावर…” त्यांनी क्रांतीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. ओल्या दोऱ्या त्यांच्या बोटांमधून लोंबत होत्या. ह्या वेळी त्यांनी ओढलं नाही.

राजश्रीनं पर्स ओढली, तळाशी हात घालून ती लाकडी फणी काढली आणि सासूच्या मांडीवर, कात्रीच्या जागी ठेवली. कात्री तिनं आपल्याकडं घेतली.

वेणूबाईंनी फणीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं दाराला लावलेली ती कडी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली.

“आमच्यात कुनाचे असे न्हाईत, म्हनत आले म्या,” त्या म्हणाल्या. “हायेत. काशीचे हायेत. माज्या धाकट्या भनीचे.”